बत्तीस संदर्भ आणि एक हरवलेली टीप

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा. पण नागपूरकरांनी वाचावी अशी आहे, म्हणून लिहितोय.

सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना सीजीओ कॉम्प्लेक्स माहीत आहे. त्याच आवारात बरीच वर्षं एक सरकारी कार्यालय होतं. नाव 'पेटंट इन्फर्मेशन सिस्टीम'. केंद्र सरकारने ते १९७५ साली सुरू केलं, आणि तेही दिल्ली-मुंबईत नाही, आपल्या नागपुरात. जगभरातल्या पेटंटची कागदपत्रं जमवायची आणि ज्याला हवी त्याला शोधून द्यायची, हे त्याचं काम. पुढे नागपुरातच राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था झाली. म्हणजे पेटंट वाचण्याच्या बाबतीत आपलं गाव देशात पहिल्या बाकावर बसलेलं आहे. आपल्यालाच ते माहीत नाही.

१९७५ सालीच याची गरज का पडली असेल? थोडं मागे जाऊ. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यात औषध आणि अन्न यांच्या वस्तूवर पेटंट नव्हतं, फक्त ती बनवण्याच्या पद्धतीवर होतं. म्हणजे औषध तेच, पण बनवायची वाट वेगळी काढली तर आपल्याला ते बनवता येणार. आता वेगळी वाट काढायची तर आधीच्या वाटा कोणत्या, हे वाचावं लागणारच. इंटरनेट नव्हतं. कागद कुठेतरी एका जागी असणं, हीच मोठी गोष्ट होती.

पण कागद जमवणं वेगळं आणि त्यातली नेमकी ओळ वेळेवर हाताशी असणं वेगळं. हा फरक देशाला कळला तो हळदीमुळे.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट मिळालं. विषय काय, तर जखम भरण्यासाठी हळदीचा वापर! मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावाने. आपल्याकडे पोराचं ढोपर फुटलं की आई आधी हळदीचा डबा काढते. पण "आमच्या आजीला माहीत होतं" हे तिथे चालत नव्हतं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली नुसती तोंडी माहिती किंवा वापर धरत नसत, छापील पुरावा लागायचा. आणि पेटंटमधल्या प्रत्येक दाव्यासमोर तो ठेवून दाखवावा लागायचा.

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. गोव्यातल्या माशेल गावचा, मुंबईत गरिबीत शिकलेला माणूस. १९९६ मध्ये सीएसआयआरने पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली आणि सोबत ३२ संदर्भ जोडले. त्यातले काही शंभर वर्षांहून जुने, संस्कृत, हिंदी, उर्दूतले. एक तर १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला लेख होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने दावे फेटाळले. आपल्या वर्तमानपत्रांनी माशेलकरांना 'हळदीघाटीचा योद्धा' म्हटलं.

अभिमान आहेच. पण मला त्या ३२ च्या आकड्याचं जास्त कौतुक वाटतं. कोणीतरी बसून जुनी पुस्तकं उघडली, नेमकं पान शोधलं, भाषांतर केलं, हे पान कोणत्या दाव्याला लागू पडतं ते लिहिलं. ती लढाई भाषणाने जिंकली नाही, खुणा केलेल्या पानांनी जिंकली.

प्रत्येक वेळी अशी धावपळ नको, म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत आणले, म्हणजे परदेशातल्या परीक्षकाला आधीच दिसावेत. वर्गवारीही केली. जगाच्या पेटंट वर्गीकरणात तोवर औषधी वनस्पतींना जेमतेम एक खाना होता. तो वाढून दोनशेच्या वर उपवर्ग झाले. नुसता साठा नाही, साठ्याला चिठ्ठ्या लावल्या.

आता स्वतःची गोष्ट सांगतो. चूक माझीच आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका कॉलेजातल्या चार पोरांनी संत्र्यांची प्रतवारी करणारं छोटं यंत्र बनवलं. शेतकऱ्याला परवडेल असं. मी त्यांना पेटंट शोधायला मदत करत होतो. आम्ही साठेक कागद उतरवले. फाइलींची नावं 'न्यू १', 'न्यू २', 'फायनल', 'फायनल खरंच'. कोणी प्रिंटवर पेनाने लिहिलं, कोणी व्हॉट्सअॅपवर. अर्ज दाखल झाला. पोरं पास होऊन पुण्या-बंगलोरला गेली.

मग परीक्षकाचा पहिला अहवाल आला. त्याने तीन जुनी पेटंट समोर ठेवली होती. त्यातलं सगळ्यात जवळचं आम्ही आधीच वाचलेलं होतं आणि आपलं यंत्र त्याहून वेगळं कसं, हेही ठरवलं होतं. कुठे? एका पोराच्या जुन्या फोनमध्ये. फोन विकलेला. त्याला फोन केला तर म्हणाला, "सर, वाचलं होतं एवढं आठवते, पण काय लिहिलं होतं ते नाही आठवत." काहून नाही आठवत, असं त्याला कोणत्या तोंडाने विचारू? मी तरी कुठे नीट लिहून ठेवलं होतं? उत्तराला सहा महिने असतात, फार तर तीन महिने वाढवून मिळतात. चौघं चार गावांत, मी माझ्या धंद्यात. मुदत गेली, अर्ज सोडून दिल्यात जमा झाला. ते यंत्र आजही एका शेडमध्ये धूळ खात आहे.

तेव्हापासून मी झोटेरो वापरतो. फुकट आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात आलं आणि गंमत म्हणजे ते इतिहासाच्या केंद्रात तयार झालं. तळटिपा सांभाळताना जीव मेटाकुटीला येणाऱ्या लोकांनी बनवलेलं. त्यात पेटंटसाठी वेगळा प्रकार आहे: संशोधक, मालक, क्रमांक, अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख. २०२२ पासून पीडीएफ त्यातच उघडून ओळ रंगवता येते आणि शेजारी टीप लिहिता येते. मराठीतसुद्धा.

माझी पद्धत साधी आहे:

१) क्रमांक पूर्ण लिहायचा, देशाची अक्षरं आणि शेवटचा कोड धरून. 'ए१' म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज. अमेरिकेत 'बी२' म्हणजे मंजूर पेटंट. दोन्हींतले दावे वेगळे असू शकतात.

२) एकाच शोधाचे अनेक देशांतले अर्ज एकमेकांना जोडून ठेवायचे. नाहीतर एकच कागद चारदा वाचून होतो.

३) पहिल्या पानावर कंसात ५६ आकडा दिसला तर तिथे थांबायचं. परीक्षकाने कोणते जुने कागद पाहिले, त्याची ती यादी. एका पेटंटवरून दहा सापडतात.

४) प्रत्येक कागदाला तीन ओळींची टीप: यात काय आहे, कोणत्या पानावर आहे, आपलं त्याहून वेगळं काय. खाली तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव.

५) चिनी-जपानी पेटंट मशीनच्या भाषांतरात वाचलं असेल तर तसं लिहायचं. आणि सॉफ्टवेअरने आपोआप भरलेली तारीख मूळ कागदाशी ताडून बघायची, चुका असतात.

गटात काम असेल तर खासगी गट करा. अर्ज दाखल होण्याआधी आपली कल्पना उघड्या जागी टाकली तर ती आपल्याच विरुद्ध पुरावा ठरू शकते.

हे सगळं का सांगतोय? विदर्भात मोह आहे, संत्रं आहे, गोंड-कोलामांचं जंगलाचं ज्ञान आहे. उद्या त्यातल्या कशावर कुठे पेटंट निघालं तर पुन्हा छापील ओळ लागेल, पान क्रमांकासकट. आणि आपल्या पोरांनी काही नवीन केलं तर ते नवीन आहे हे दाखवायलाही तेच लागेल. पन्नास वर्षांपूर्वी या गावात देशाचे पेटंटचे कागद आले. आता ते सगळे मोबाईलवर आहेत. कमी आहे ती फक्त शेजारच्या टिपेची.

इंजिनिअरिंग आणि फार्मसी कॉलेजात शिकवणाऱ्या मित्रांना विनंती: प्रोजेक्ट जमा करून घेताना रिपोर्टसोबत संदर्भांची ही लायब्ररीही कॉलेजच्या खात्यात जमा करून घ्या. पोरं जातील, टिपा राहतील. आणि कोणाला सुरुवात कशी करायची ते कळत नसेल तर खाली लिहा. एखाद्या रविवारी बसू, मी लॅपटॉप घेऊन येतो.