सबवूफरची घरघर : ॲम्प्लिफायर बदलण्यापूर्वी

होम थिएटरच्या सबवूफरमधून अखंड घरघर येऊ लागली, की अनेकजण नवा ॲम्प्लिफायर घेण्याचा विचार करतात. तत्पूर्वी सबवूफर बंद करून त्याची सिग्नल केबल काढावी व तो पुन्हा सुरू करावा. घरघर थांबल्यास दोष बहुधा केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असतो; केबल टीव्हीची वायर काढूनही पाहावे. न थांबल्यास ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर तंत्रज्ञाकडूनच तपासून घ्यावेत. वीज बंद केल्यावरही त्यांत विद्युतभार उरतो. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. ते जिवावर बेतू शकते.

केवळ आवाजासाठी १०० वॅटऐवजी २०० वॅटचा ॲम्प्लिफायर घेतल्यास वाढ जेमतेम ३ डेसिबलची होते. सबवूफर भिंतीच्या कोपऱ्यात सरकवल्यास तेवढी वाढ अनेकदा विनाखर्च मिळते.