पांझरेचे पाणी आणि शैवालवाढीची मर्यादा

वनस्पतीची वाढ विपुल द्रव्यावर नव्हे, तर गरजेच्या मानाने सर्वांत दुर्मिळ असलेल्या द्रव्यावर अवलंबून असते, हे तत्त्व श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडले व पुढे लीबिग यांनी त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. शेतीतून निघालेला हा नियम पाण्यातील शैवालास लावताना ‘दुर्मिळ द्रव्य’ या कल्पनेची व्याप्ती कशी पालटली आणि खानदेशातील नद्यांच्या अभ्यासास त्यातून काय बोध होतो, हे येथे पाहावयाचे आहे.

दीर्घकाळ लक्ष खनिजांवरच होते. शिंडलर यांनी कॅनडातील एका सरोवराचे पडदा घालून दोन भाग केले. दोहोंत कार्बन व नायट्रोजन घातले. फॉस्फरस मात्र एकातच. शैवाल माजले ते त्याच भागात. हा प्रयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि १९४८ मध्येच बी-१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आले होते आणि १९४९ मध्ये हटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी युग्लिनाच्या वाढीवरून त्याचे मापन करण्याची रीत दिली. प्रकाशावर जगणारा जीवही या बाबतीत परावलंबी ठरला. पाहणीतील निम्म्याहून अधिक शैवाल-जातींस बी-१२ लागते व त्या ते जीवाणूंकडून मिळवितात, असे क्रॉफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले.

महाराष्ट्रात गोन्साल्विस व जोशी यांनी १९४६ मध्ये वांद्रे येथील तळ्यातील शैवालांचा ऋतुक्रम वर्णिला. परंतु तळ्याचा न्याय नदीस जसाच्या तसा लागू पडत नाही. पावसाळ्यात पांझरेचा पूर दगडगोटे खरवडून काढतो. त्या काळी मर्यादा घालतात प्रवाह व गढूळपणा. पोषकद्रव्यांचा प्रश्न उभा राहतो तो पाणी निवळल्यावर, डोहांत आणि फडांच्या जुन्या बंधाऱ्यांमागे.

फडपद्धतीत नदीचे पाणी पाटाने शेतात जाते. त्यातील काही पाझरून पुन्हा नदीस मिळते. खताचे नायट्रेट या पाण्याबरोबर सहज वाहते. फॉस्फेट मात्र चुनखडीयुक्त काळ्या मातीस चिकटून राहते. म्हणून शेतीच्या टापूत फॉस्फरसची उणीव संभवते. शहराचे सांडपाणी मात्र फॉस्फरस आणि जीवाणू दोन्ही आणते. तेव्हा धुळ्याच्या वरच्या व खालच्या अंगास मर्यादा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

याची परीक्षा साध्या साधनांनी होऊ शकते. नायट्रोजन, फॉस्फरस व बी-१२ ही द्रव्ये स्वतंत्रपणे व एकत्र भरलेली सच्छिद्र मातीची भांडी दोन्ही ठिकाणी हिवाळ्यात ठेवून त्यांवरील शैवाल मोजावे. प्रथम आवर खतास घालावयाचा की सांडपाण्यास, याचा निर्णय या मोजणीवाचून करणे अनुमानमात्र ठरेल.