आमची आजी व तिची लितानी

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं कांहीं जुनी हकीकत लिहून द्यावी, अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्हां भावंडांस प्रथम जें नांव सुचलें तें कोणा बिशपांचें वा धर्मगुरूंचें नव्हतें. थोर पुरुषांचीं छायाचित्रें अशा पुस्तकांत असतातच, आणि तीं असावींतच. परंतु जिनें आमचा हात धरून आम्हांस क्रूसाची खूण करावयास शिकविलें, त्या आमच्या आजीचें एकही छायाचित्र आमच्याजवळ नाहीं. तिला लिहितां-वाचतां येत नसे, त्यामुळें तिच्या हातचें अक्षरही नाहीं. स्नानसंस्कार, विवाह आणि दफन अशा नोंदवहींतल्या तीन ओळी, एवढाच तिचा लेखी इतिहास. बाकीचा आमच्या आठवणींत आहे, आणि आम्हीही आतां म्हातारे झालों.

अकोल्याकडील आपली मंडळी पूर्वीं पुणें धर्मप्रांतांत मोडत असे. तो धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला, आणि नगर जिल्ह्यांतील मिशनचें काम जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनीं वाढविलें. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच इंग्रज सरकारनें त्यांस शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरविलें. पुष्कळांस नजरकैद झाली आणि पुढें १९१५-१६ च्या सुमारास मायदेशीं धाडण्यांत आलें. दैवाची गंमत अशी कीं, जर्मन कैद्यांची मोठी छावणी नगर शहरींच होती. युद्धानंतर स्वित्झर्लंडचे येशूसंघीय आले, पण मधलीं कांहीं वर्षें खेड्यापाड्यांत धर्मगुरूचें दर्शन दुर्मिळ होतें.

आमची आजी त्याच वर्षांतली. भंडारदऱ्याचें धरण १९१० पासून १९२६ पर्यंत बांधलें जात होतें, व तिचे आईबाप तेथें खडी फोडावयास जात. दिवसभर दगड फुटत, आणि रात्रीं झोपडींत जपमाळ होई. माळ घरांत एकच, तीही बापाच्या गळ्यांत. म्हणून आईनें मुलीस दोन्ही हातांच्या दहा बोटांवर दहा नमो मरिया मोजावयास शिकविलें. पुढें आजीला चांगली माळ मिळाली, तरी ती बोटांवरच मोजी. “माळ हरवते, बोटें हरवत नाहींत,” असें ती म्हणे. “माझ्या आईनें मला धर्म दिला, फादर मागाहून आले,” हेंही तिचें नेहमींचें वाक्य होतें, आणि तें ती फादरांच्या देखत बोले.

लग्न होऊन ती अकोल्याजवळच्या खेड्यांत आली. संगमनेर तेथून प्रवरेच्या कांठाकांठानें सहा-सात कोस. फादर फिरतीवर येत तेव्हां मिस्सा होई. एरव्हीं रविवारीं आजी घरच्यांस व शेजाऱ्यांस ओसरीवर बसवी, प्रार्थना सांगे, आणि शेवटीं पवित्र मरियेची लितानी चालवी. मरियेचीं नांवें ती मराठींत घेई. प्रतिसाद मात्र तिनें मिशनच्या देवळांत लॅटिन भाषेंत ऐकलेला होता. ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आम्हांसाठीं विनंती कर, हें तिच्या तोंडीं ‘वरापुरो नोबी’ असें झालें होतें. सबंध ओसरी तसेंच म्हणे. पहाटे जात्यावर बसली म्हणजे ओव्यांतही ती मरियामातेचें नांव गुंफी. गांवांत पिठाची गिरणी आली आणि त्या ओव्या थांबल्या. आम्हीं त्यांतली एकही उतरून घेतली नाहीं.

शेजारधर्म तिला कोणीं शिकवावा लागला नाहीं. महाशिवरात्रीस अगस्तीच्या यात्रेकरूंसाठीं ती दारांत पाण्याचा माठ भरून ठेवी. हरेगांवची मतमाउलीची यात्रा १९४९ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून पाय चालले तोंवर तिनें ती चुकविली नाहीं, आणि परत आली कीं त्याच शेजारणी तिचे पाय चेपावयास येत.

आतां जें सांगावयाचें तें आमच्या लाजेचें आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा आपला लेख प्रसिद्ध केला, आणि हळूहळू मिस्सा लॅटिनऐवजीं लोकभाषेंत होऊं लागली. आम्ही तेव्हां संगमनेरास शाळेंत शिकत होतों. सुटींत घरीं आलों तेव्हां नवें मराठी शिकून आलों होतों, आणि ओसरीवर ‘वरापुरो नोबी’ सुरू होतांच आम्हांस हंसूं आवरेना. थोरल्यानें सर्वांदेखत सांगितलें कीं, आजी, हें मराठी नाहीं आणि लॅटिनही नाहीं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग इतकीं वर्षें मी मरियेशीं काय बोलत होतें रे?” कोणाजवळ उत्तर नव्हतें. तिनें थोरल्याकडून नवे शब्द पाठ करून घेतले, हट्ट केला नाहीं. परंतु पुढच्या रविवारपासून प्रार्थना आमचे वडील चालवूं लागले, आणि आजी मागें भिंतीशीं, ओंठांतल्या ओंठांत पुटपुटे.

पुष्कळ वर्षांनीं संत मोनिकेचें चरित्र वाचतांना आम्हांस ही ओसरी आठवली. मोनिका उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते गांवची, जन्म इ. स. ३३१ च्या सुमाराचा. मुलासाठीं रडलेली आई म्हणून तिला सारे ओळखतात. ती आजीही होती, हें थोड्यांच्या ध्यानांत असतें. आपल्या गांवच्या चालीप्रमाणें ती मिलान शहरीं संतांच्या थडग्यांकडे टोपलींत पेज, भाकर व द्राक्षारस घेऊन गेली, तेव्हां द्वारपाळानें तिला अडविलें. बिशप आंब्रोज यांनीं ती चाल बंद केली होती. ती निमूटपणें मागें फिरली. तिचा मुलगा संत ऑगस्टीन मोकळेपणानें लिहितो कीं, ज्यांच्यावर आंब्रोज यांच्याइतकी तिची माया नव्हती अशा दुसऱ्या कोणीं मनाई केली असती तर ती इतक्या सहज ऐकती ना. आजीनें आमचें कां ऐकलें तें आम्हांस तेथें कळलें. ३८७ सालीं ओस्तिया बंदरीं मोनिका वारली तेव्हां सर्व मोठीं माणसें अश्रु आवरून उभीं होतीं. नातू अदेओदातुस तेवढा मोठ्यानें रडला, आणि त्याला गप्प करण्यांत आलें.

१९८७ च्या मे महिन्यांत नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. आजी तेव्हां अंथरुणाला खिळली होती. बातमी ऐकून ती म्हणाली, “बरें झालें, बिशपसाहेब जवळ आले.” त्याच पावसाळ्यांत तिचें दुखणें वाढलें. फादर येऊन तैलाभ्यंग करून गेले. रात्रीं घरांतल्यांनीं लितानी धरली, तेव्हां ध्यानांत आलें कीं, आम्हीं शिकविलेले शब्द तिच्या स्मृतींतून पार पुसून गेले आहेत. ती डोळे मिटून आपल्या आईचीच जुनी लितानी म्हणूं लागली. एक नांव घेई आणि थांबे. खोलींत कोणी बोलेना. मग थोरला खाटेजवळ गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, “वरापुरो नोबी.” आम्हीही म्हटलें. आजीनें डोळे उघडून एकेकाकडे पाहिलें, बोटाचें एक पेर पुढें सरकविलें, आणि पुढचें नांव घेतलें.