‘क्षुब्ध हृदय’ : एका निदानाचा इतिहास

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) कित्येक सैनिक छातीतील धडधड, वेदना व धाप यांमुळे सेवेस अपात्र ठरले. फिलाडेल्फियाचे डॉ. जेकब द कोस्टा यांनी अशा सुमारे ३०० रुग्णांच्या निरीक्षणावरून १८७१ मध्ये ‘क्षुब्ध हृदय’ या विकाराचे विवेचन केले. दोष हृदयाच्या ठायी मानल्यामुळे विश्रांती व डिजिटॅलिस हे उपचार क्रमप्राप्त ठरले.

पहिल्या महायुद्धात टॉमस लुइस यांनी ही दिशा बदलली. दीर्घ विश्रांतीऐवजी त्यांनी क्रमशः वाढत जाणारा व्यायाम योजिला. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी धडधडीशी न झुंजता ती येऊ द्यावी, असे सांगितले. निरुपद्रवी संवेदनेस संकट मानल्याने भय वाढते आणि भयाने संवेदना तीव्र होते, हे चक्र डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले.

द कोस्टांचे सर्व रुग्ण आज ज्याला भयाचा झटका म्हणतात त्यानेच पीडित होते, असे म्हणता येणार नाही. अनेकांना आधी ज्वर वा अतिसार झाला होता. तथापि उपचाराची वाटचाल स्पष्ट आहे : हृदयास जपण्याकडून, त्याच्या धडधडीचे भय सोडण्याकडे.