आधी सोर्सकोड, मग लस

गेल्या शनिवारी रात्री लंडनहून मित्राचा फोन आला. पठ्ठ्या दोनच महिन्यांपूर्वी बाबा झालाय. आवाज घाबराघुबरा. "अरे, परवा पोरीला लसी द्यायच्यात. त्यातल्या एकीने बहुधा ताप येईल म्हणे, पॅरासिटॅमॉल आधीच आणून ठेवा असं नर्सनेच सांगितलंय. ताप येणार हे माहीत असूनही द्यायची? इकडे आई रोज फोनवर सांगतेय, नको देऊस म्हणून."

मी काही डॉक्टर नाही. तरी म्हटलं, वाचून सांगतो. वाचायला बसलो आणि अख्खा रविवार त्यातच गेला!

ही लस मेनिंगोकोकस नावाच्या जिवाणूच्या 'बी' गटावरची. शंभरातल्या दहाएक जणांच्या नाका-घशात हा जिवाणू गुपचूप राहतो, काही करत नाही. पण क्वचित रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला, की चोवीस तासांत होत्याचं नव्हतं होतं. उपचार मिळूनही साधारण दहातला एक जण जातो, आणि वाचलेल्यांपैकी काहींचे हातपाय कापावे लागतात, काहींची श्रवणशक्ती जाते.

लस बनवायची जुनी रीत आपल्याला मुंबईमुळे ठाऊक आहे. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिनने जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. जंतू पकडा, मारा, टोचा.

मेनिंगोकोकसच्या बाकीच्या गटांवर पुढे याच वळणाची युक्ती चालली. या जिवाणूभोवती साखरेच्या साखळ्यांचं एक आवरण असतं. ते काढून त्याचीच लस करायची. 'ए' गटावरची अशी लस तर आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केली. डोसाला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किंमत! डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली आणि आफ्रिकेच्या त्या पट्ट्यातून 'ए' गट जवळपास नाहीसा झाला.

मग 'बी' वर का नाही? कारण 'बी' महाबिलंदर! त्याच्या आवरणातली साखर आपल्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखीच असते. आपली प्रतिकारशक्ती त्याला घरचाच माणूस समजून सोडून देते. आणि तिला जबरदस्तीने शिकवायला गेलं, तर ती आपल्याच पेशींवर उठेल ही भीती. कितीतरी वर्षं गाडी इथेच अडली होती.

१९९५ साली अमेरिकेत क्रेग व्हेंटर आणि हॅमिल्टन स्मिथ यांच्या गटाने हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूचा संपूर्ण जीनोम वाचून काढला. १८,३०,१३७ अक्षरं. मुक्तपणे जगणाऱ्या जीवाचा हा पहिलाच पूर्ण सोर्सकोड. इटलीतल्या सिएना गावात कायरॉन कंपनीत काम करणाऱ्या रिनो रापुओलीच्या डोक्यात आलं, की जंतूपासून सुरुवात करायचीच कशाला? कोडपासून करू!

व्हेंटरच्या संस्थेबरोबर मिळून 'बी' गटाचा जीनोम वाचला गेला आणि मार्च २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला. २२,७२,३५१ अक्षरं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन फ्लॉपींत मावेल एवढी फाईल. मग कॉम्प्युटरवर शोध सुरू झाला: कोणती जनुकं अशी प्रथिनं बनवतात, जी पेशीच्या बाहेरच्या बाजूला दिसतील? आपण कोडमध्ये पब्लिक फंक्शन्स शोधतो ना, तसंच. कारण प्रतिकारशक्तीला आतलं काहीच दिसत नाही. त्यातली ३५० प्रथिनं ई. कोलायकडून बनवून घेऊन उंदरांना टोचली आणि कोणती प्रतिपिंडं जिवाणूला खरंच मारतात ते पाहिलं. त्यातून शेवटच्या लसीत तीन मुख्य घटक उरले.

पण कोड कंपाइल झाला म्हणजे प्रॉडक्शनला चालला असं थोडंच असतं? युरोपात मंजुरी मिळायला जानेवारी २०१३ उजाडलं. गंमत म्हणजे चौथा घटक जुन्याच रीतीचा, न्यूझीलंडच्या साथीत वापरलेल्या लसीतला, जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याचे बारीक बुडबुडे. तापाचं खापर बरंचसं त्याच्यावरच फुटतं. नव्याने जुन्याला हाकललं नाही, शेजारी बसवून घेतलं.

२०१३ मध्ये ब्रिटनच्या सल्लागार समितीने 'खर्चाच्या मानाने परवडत नाही' असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी, किंमत कमी होणार असेल तर द्या, असं म्हटलं. सप्टेंबर २०१५ पासून तिथल्या बाळांना ती सरकारी खर्चाने मिळू लागली आणि पहिल्या तीन वर्षांत इंग्लंडमध्ये लसीच्या वयोगटातले 'बी'चे रुग्ण ७५ टक्क्यांनी घटले. ती जिवाणूला घशातून हाकलत नाही, सगळ्या उपप्रकारांवर चालत नाही, हेही खरं. म्हणजे शेजाऱ्याच्या पोराने घेतली म्हणून आपलं पोर वाचेल, असा हिशोब इथे चालत नाही. ज्याची त्याने घ्यायची.

हे सगळं मित्राला सांगितलं. वर म्हटलं, माझं ऐकू नकोस, उरलेल्या शंका नर्सलाच विचार. आणि काकूंना हाफकिनची गोष्ट सांग :)

मंगळवारी दुपारी मेसेज आला, "रात्री ताप आला होता. पहाटे उतरला. आता मस्त झोपलीय. आई विचारतेय, पुढचा डोस कधी?"