ड्युअल बूट संगणकातील पूर्वनियत प्रणाली

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स या दोन कार्यप्रणाली नांदत असता, यंत्र सुरू करणाऱ्याने नेमून दिलेल्या मुदतीत कोणतीही कळ न दाबल्यास जिच्याकडे त्याचा ताबा आपोआप जातो, ती त्या संगणकाची पूर्वनियत, म्हणजे व्यवहारातील ‘डीफॉल्ट’, प्रणाली होय. ही नेमणूक त्या दोघींपैकी कोणीही आयत्या वेळी करीत नाही. त्यांच्या आधी जागा होणाऱ्या बूटलोडरच्या दप्तरी ती अगोदरच नोंदलेली असते.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांत हे काम ग्रब या बूटलोडरकडे असून त्याची मूळ रचना एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये केली. त्याच्या मांडणीच्या फाइलीत ‘ग्रब डीफॉल्ट’ या नावापुढे यादीतील ओळीचा अनुक्रमांक लिहावयाचा असतो, आणि गणना शून्यापासून होत असल्यामुळे पाचव्या ओळीसाठी ४ हा आकडा द्यावा लागतो. नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते. फाइल जतन केल्यावर उबुंटूत ‘अपडेट-ग्रब’ हा हुकूम सोडावा लागतो, तेव्हा बूटच्या वेळी प्रत्यक्ष वाचली जाणारी दुसरी फाइल नव्याने तयार होते. या दुसऱ्या फाइलीत हाताने केलेले फेरफार पुढील अपडेटसरशी पुसले जातात, आणि तशी ताकीद तिच्या माथ्यावर लिहिलेलीही असते.

अनुक्रमांकाची ही वहिवाट सोपी खरी, पण भरवशाची नव्हे. उबुंटूच्या २०१० च्या सुमारास प्रचारात असलेल्या आवृत्त्यांत कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दोन ओळी, त्यांखाली स्मृतिचाचणीच्या दोन आणि पाचवी विंडोजची, अशी यादी सर्रास दिसे. तीत ४ हा आकडा देऊन निश्चिंत झालेल्या गृहस्थाच्या संगणकावर नवे कर्नेल आले, की त्याच्या दोन ओळी माथ्यावर चढत, विंडोज सातव्या जागी ढकलली जाई आणि दुसऱ्या दिवशी ती उघडण्याऐवजी यंत्र निमूटपणे स्वतःची स्मृती तपासत बसे. पुढे जुनी कर्नेले उपयादीत गेल्याने ही पीडा पुष्कळ कमी झाली. तरीही आकड्याऐवजी ओळीचे संपूर्ण नाव, कंस व मोकळ्या जागांसह अक्षरशः, अवतरणचिन्हांत देणे अधिक शहाणपणाचे. मागील खेपेस निवडलेली प्रणालीच पुन्हा सुरू व्हावी अशीही तजवीज करता येते. त्यासाठी ग्रब ती निवड १०२४ बाइटांच्या एका लहानशा फाइलीत टिपून ठेवतो. मात्र बीटीआरएफएससारख्या काही फाइलप्रणालींवर बूटच्या वेळी त्याला लिहिता येत नाही, व तेथे ही सोय निरुपयोगी ठरते.

विंडोजच्या बाजूस एक्सपीपर्यंत ‘बूट.आयएनआय’ ही साधी मजकुराची फाइल हे काम करीत असे. व्हिस्टापासून तिची जागा बूट-नोंदींच्या स्वतंत्र कोठाराने घेतली असून, त्यात बदल करण्यास ‘बीसीडीएडिट’ हा हुकूम वापरता येतो.

यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत या सर्वांवर आणखी एक अंमल असतो, तो मदरबोर्डवरील कायम स्मृतीत साठविलेल्या बूटक्रमाचा. विंडोजची पुनःस्थापना केली असता ती आपली नोंद या क्रमात अग्रभागी बसविते. मग ग्रबची यादी पडद्यावर येतच नाही, आणि लिनक्स डिस्कवर शाबूत असूनही मालकास ती नष्ट झाल्याचा भास होतो. अशा वेळी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रबची नोंद पुन्हा वर आणली, की जुनी यादी पूर्ववत दिसू लागते.