बेडकुळी

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून घेताना घरातला एखादा दहा वर्षांचा गडी मूठ वळतो, कोपर वाकवतो आणि आजीला म्हणतो, “बघ माझी बेडकुळी!” आजी दोन बोटांनी ती चाचपते आणि “शाबास रे माझ्या भीमा” म्हणून आणखी तेल चोळते. असे घर महाराष्ट्रात क्वचितच नसेल. कोणी बेडकुळी म्हणतो, कोणी बेटकुळी. शब्द आला आहे बेडकापासून. कातडीखाली काहीतरी टुणकन उडी मारून वर येते, ते आपल्या पूर्वजांना बेडकासारखे दिसले. मौज अशी की, तिकडे रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. स्नायूला इंग्रजीत ‘मसल’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधल्या ‘मुस्कुलुस’वरून आला आणि त्याचा अर्थ पिटुकला उंदीर! नदीकाठी राहणाऱ्याला बेडूक दिसावा आणि धान्याची कोठारे राखणाऱ्याला उंदीर, असा तर्क करण्याचा मोह होतो खरा. पण आम्ही पडलो कादंबरीवाले, तेव्हा वाचकांनी तो तर्क तेवढ्यापुरताच घ्यावा.

हे स्नायू मोजण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशींची संख्या पाचशे दिली आहे : हातापायांत चारशे, धडात सहासष्ट आणि मानेपासून वर चौतीस. बेरीज चोख जुळते. आजचे शारीरशास्त्र सहाशेहून अधिक सांगते. पण कुठला स्नायू एक धरायचा आणि कुठल्याचे दोन करायचे, यावर ही गणती नेहमीच हलते. सुश्रुताची थोरवी आकड्यात नाही, ती रीतीत आहे. प्रेत मुंज गवत किंवा सालीत गुंडाळावे, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू थर घासत डोळ्यांनी पाहावे, असे त्याने सांगितले. जो पाहील त्यालाच शरीर कळेल, हा त्याचा आग्रह. पुढे आपण ग्रंथ पाठ केला आणि पाहणे सोडून दिले.

आमच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला याची एक वेगळीच साक्ष आहे. दासोपंतांनी (1551–1615) तिथे कापडावर लिहिलेली पासोडी प्रसिद्धच आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद. तिचा विषय पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांतून हा देह आणि हे जग कसे घडले त्याचा उलगडा. या परंपरेत अस्थी, मांस, त्वचा, नाडी आणि रोम हे पृथ्वीचे अंश. मांस म्हणजे सगळे मांस एकच. कुठला स्नायू काय करतो, ही चौकशी तिथे नाही. ती तिथे शोधूही नये, कारण संताला देहाची असारता दाखवायची होती. त्याच अंबाजोगाईत 1974 पासून वैद्यकीय महाविद्यालय चालते आहे आणि तिथली मुले स्नायू एकेक करून ओळखायला शिकतात. देहाकडे पाहण्याच्या दोन रीती एकाच गावात नांदतात, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

युरोपातही पोथी पाठ करण्याचा रोग होताच. गॅलेन या वैद्याने माकडे आणि डुकरे चिरून माणसाचे वर्णन केले आणि ते तेराशे वर्षे प्रमाण मानले गेले. 1543 साली व्हेसेलियसने स्वतःच्या हाताने माणसाचे शरीर उलगडून, स्नायूंच्या थरांची चित्रे काढवून ग्रंथ छापला, तेव्हा तो पगडा ढिला पडू लागला. आपल्याकडे कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनी 1836 मध्ये शवविच्छेदन करून रूढीची भिंत फोडली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली निघाले आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले.

आणि बेडूक? तो पुन्हा येतोच. इटलीतल्या बोलोन्या शहरी गॅल्व्हानीने बेडकाची तंगडी विजेच्या स्पर्शाने उडते हे दाखवून 1791 साली प्रसिद्ध केले. पुढे 1954 मध्ये अँड्र्यू हक्स्ली आणि नीडरगर्के यांनी बेडकाच्याच स्नायूचा एकेक तंतू घेऊन तो आखडतो कसा याचा छडा लावला. त्याच वर्षी ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन हेही स्वतंत्रपणे तिथेच पोचले. स्नायूचे धागे स्वतः आखूड होत नाहीत. जाड आणि बारीक धागे एकमेकांत सरकतात, जुळवलेल्या दोन हातांची बोटे एकमेकांत शिरावीत तसे. म्हणून स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. बेडकुळी कोपर वाकवते. ते सरळ करायला दंडाच्या मागचा स्नायू लागतो. जोर मारताना खरी झीज होते ती याची आणि छातीची, पण मुलगा कौतुक करून घेतो ते बेडकुळीचे! तिचे कामही आपण समजतो तेवढेच नाही. कोपर काटकोनात धरून किल्ली फिरवल्यासारखा तळहात वर वळवा आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपा. बेडकुळी लगेच घट्ट होते. वर्गात हा प्रयोग केला की पोरे तासभर शांत राहत नाहीत, एवढाच त्याचा दोष. वाकवण्याचे मोठे काम तिच्याखाली दडलेला एक चपटा स्नायू करतो. त्याला आपल्या घरगुती बोलीत नावही नाही. मांडीवरून तिरका उतरणारा, शरीरातला सर्वांत लांब स्नायू मात्र भाग्यवान. मांडी घालून बसण्याला तो मदत करतो म्हणून लॅटिनमध्ये त्याला शिंप्याचे नाव मिळाले.

नावे नव्हती म्हणून ज्ञान नव्हते असे नव्हे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम असे मल्लांचे व्यायाम सांगितले आहेत : वजन उचलणे, चालणे, पोहणे आणि खांबावरची मेहनत. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. हैदराबादेहून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्याला आव्हान द्यायला आले, बाळंभटांनी सप्तशृंगीला जाऊन तयारी केली आणि अलीला चीत केले, असे सांगतात. ज्या निजामी राज्यातून ते आले त्यातच आमचे बीडही 1948 पर्यंत होते. तेव्हा या गोष्टीत कोणाची बाजू घ्यावी, असा लटका पेच आम्हाला पडतो. मल्लखांब धरला जातो मांड्यांच्या आतल्या स्नायूंनी. घोडेस्वाराची मांड जी पक्की बसते, ती यांच्याच बळावर.

बीडकरांची बाजू आता उघडपणे घेता येते. पाटोद्याचा राहुल आवारे 2019 च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत 61 किलो गटात कांस्यपदक घेऊन आला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अवघ्या पाच शतांश सेकंदाने दुसरा आला, आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत पहिला. त्या शर्यतीत पस्तीस वेळा अडथळा ओलांडावा लागतो. पोटरी उचलते, मांडीचा पुढचा चौपदरी स्नायू गुडघा ताठ करतो, आणि उतरताना तोच स्नायू ताणला जात धक्का झेलतो. उद्या पाय दुखणार असतात ते चढण्याने कमी, या झेलण्याने जास्त. गड उतरलेल्या कोणालाही हे पटेल.

पण या जिल्ह्याच्या स्नायूंचा इतिहास पदकांत मावत नाही. दसरा झाला की गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात, आणि पुष्कळांची दिवाळी फडातल्या कोप्यांवर होते. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’. ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण बुडख्यात साखर जास्त. म्हणून दिवसभर कंबरेत वाकणे आले. या वाकण्याविषयी फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोघांनी 1950 च्या दशकात एक विलक्षण गोष्ट टिपली. माणूस वाकू लागतो तसे पाठीच्या कण्यालगतचे उभे स्नायू त्याला तोलून धरतात. पण तो पूर्ण वाकला की ते जवळजवळ गप्प होतात आणि भार कण्याच्या बंधांवर पडतो. मग उठताना स्नायू पुन्हा एकदम कामाला लागतात. लोक ‘कमरेत उसण भरली’ म्हणतात.

तोडलेल्या उसाची मोळी बायका डोक्यावर घेतात आणि फळीवरून ट्रकवर चढतात. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू मोळी तोलतो, ढुंगणाचा भला मोठा स्नायू आणि मांडी शरीर वर लोटतात, पोटरी तोल राखते. सोमेश्वराच्या यादीतला भारश्रम आणि भ्रमणश्रम एकाच वेळी, खुराकावाचून. मल्लाला राजाकडून दूधतूप मिळे. इथे मिळते ती उचल, आणि ती हंगामाआधीच खर्च झालेली असते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा आमच्याकडे हजेरीपटावरची कितीतरी नावे पुढे उन्हाळ्यापर्यंत नुसती वाचायची असतात.